पटाबाहेरची मुले

हजेरीपटात महिन्याच्या शेवटच्या तारखेपलीकडे शेऱ्याचा एक अरुंद रकाना असतो. त्यात तांबड्या शाईने लिहिलेले काही शब्द मी अनेकदा वाचले आहेत : ‘सतत गैरहजर, नाव कमी.’ शिक्षकांच्या बोलण्यातही हाच प्रयोग येतो. मुलाला काढले असे कोणी म्हणत नाही, नाव कमी केले म्हणतात. पुणे जिल्ह्यात चाकणच्या बाजूच्या एका गावात तिसरीतल्या अशाच एका नावाबद्दल मी वर्गशिक्षिकेला विचारले होते. मुलगी जूनमध्ये आलेली, दिवाळीनंतर दिसेनाशी झालेली. बाई म्हणाल्या, “ठेकेदार बदलला की खोली बदलते, सर. खोली बदलली की पोरगी जाते. दोनदा जाऊन आलो आम्ही. खोलीला दुसऱ्याचं कुलूप होतं.”

बाईंना दोष द्यावा असे त्यात काही नव्हते. मुलीच्या आईबापांना द्यावा, तर रोजगार जिकडे जाईल तिकडे त्यांना जावेच लागते. मग ती मुलगी शाळेबाहेर गेली कशी? शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढता येत नाही. कलम १४ म्हणते, वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम ५ म्हणते, जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता येत नाही. कायद्याने मुलाला हाकलायची दारे एकेक करून बंद केली. तरी पिंपरी-चिंचवड, तळवडे, चिखली, मोशी, कुरुळी, महाळुंगे, खराबवाडी, निघोजे या औद्योगिक पट्ट्यात दिवसाढवळ्या खोल्यांच्या ओळीपुढे धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी असलेली आठ-दहा वर्षांची मुलगी कोणालाही दिसते.

माझे म्हणणे असे आहे की, हाकलण्याचे काम आता माणूस करत नाही, मोजणी करते. कोणते मूल ‘आहे’ असे धरायचे, याचे सरकारचे जे नियम आहेत, ते एका जागी राहणाऱ्या कुटुंबासाठी बेतलेले आहेत. आणि ज्या पट्ट्याबद्दल मी लिहितो आहे, तो पट्टा जागा बदलणाऱ्या माणसांच्याच जिवावर चालतो.

संचमान्यता हा शब्द शिक्षणखात्याबाहेर फारसा कोणाला ठाऊक नसतो, पण मुलांचे भवितव्य त्यात अडकलेले असते. शाळेत किती मुले आहेत, त्यावरून तिला किती शिक्षक मिळतील, हे दरवर्षी ठरते. त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन, असा हिशेब दिलेला आहे. त्यामुळे एकसष्टावे मूल म्हणजे एक शिक्षक. ते मूल मोजले गेले नाही तर तो शिक्षक येत नाही, आणि असलेला ‘अतिरिक्त’ ठरून समायोजनात दुसरीकडे जातो. आता चाकणमधले वर्ष पाहा. बांधकामावरची, वीटभट्टीवरची कुटुंबे दिवाळीनंतर येतात. कारखान्यांतली ठेक्याची भरती बारा महिने चालू असते. जे मूल नोव्हेंबरात येते, त्याला वर्गात बसायला जागा मिळते, खिचडी मिळते, पण त्या वर्षाच्या मोजणीत ते नसते. सप्टेंबरातला शिक्षक मार्चपर्यंत वाढलेल्या वर्गाला शिकवत राहतो.

त्यात गेल्या काही वर्षांत आधारची अट आली. संचमान्यतेसाठी नुसते पटावरचे नाव पुरेसे नाही, त्या मुलाचे आधार ‘वैध’ लागते. वैध म्हणजे शाळेच्या नोंदीतले नाव, लिंग आणि जन्मतारीख आधारवरच्या नोंदीशी अक्षरशः जुळली पाहिजे. बहराइचच्या किंवा दरभंग्याच्या मुलाच्या नावातला एक स्वर इकडचा तिकडे झाला की तो ‘अवैध’. बीडच्या मुलीची जन्मतारीख अंगणवाडीत एक, आधारवर दुसरी लागली की तीही तशीच. दुरुस्तीसाठी जन्माचा दाखला हवा, तो गावाकडच्या ग्रामपंचायतीत, आणि इथल्या केंद्रावर एक दिवस घालवायचा म्हणजे बापाचा खाडा. बापाची हजेरी बुडेल तेव्हा मुलाची हजेरी धरली जाईल, असे हे गणित होऊन बसते.

सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात स्पष्ट सांगितले होते की, शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, कारण सहा ते चौदा वयाचे शिक्षण हा मूलभूत हक्क आहे, सरकारने वाटलेला लाभ नव्हे. शासनही अधिकृतपणे असेच म्हणते की, आधार नसले तरी प्रवेश द्या. पण ज्या मुख्याध्यापकाने तो प्रवेश द्यायचा, त्याच्या शाळेचा शिक्षक आधारवर मोजला जातो. एका हाताने सांगायचे की मूल घ्या, आणि दुसऱ्या हाताने सांगायचे की ते मूल धरणार नाही. असे झाल्यावर मुख्याध्यापक काय करील? नाही म्हणत नाही. “आधार काढून आणा, मग बघू,” म्हणतो. हे ‘मग बघू’ जूनमध्ये ऐकलेली आई पुन्हा ऑगस्टात येईल, अशी खात्री कोणीच देऊ शकत नाही. कायद्याच्या पुस्तकात तिला कोणी प्रवेश नाकारलेला नसतो.

ही अट का आली, हे विसरून चालणार नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली आणि कागदावरची लाखो मुले जागेवर सापडली नाहीत. खोट्या नावांवर शिक्षक, अनुदान, धान्य उचलले जात होते. तो पैसा मुलांचाच होता आणि चोरी रोखणे सरकारचे कामच होते. पण रोग खोट्या पटाचा होता. औषध असे निघाले की खोटे मूल गळताना खरेही गळू लागले. खोटे मूल ओळखायचे तर शाळेत जाऊन ते बसले आहे की नाही, हे पाहावे लागते, आणि २०११ साली तसेच पाहिले होते. आधार-वैधतेत पाहायची ती गोष्टच मागे पडली. समोर बाकावर बसून पाढे म्हणणारे मूल ‘अवैध’ ठरले.

आणखी एक गाठ आहे. मूल एका शाळेतून दुसरीकडे गेले की शासनाच्या ‘सरल’ या संगणकीय प्रणालीवर नव्या शाळेने जुन्या शाळेकडे विनंती पाठवायची आणि जुन्या मुख्याध्यापकाने ती मंजूर करायची. गेवराई किंवा परतूरच्या बाजूची एखादी वस्तीशाळा घ्या. तिचा पट वीसच्या आसपास घुटमळतो आहे. तिथल्या गुरुजींनी दोन मुले चाकणला सोडली तर त्यांचीच शाळा धोक्यात येते. ते विनंती ताबडतोब मंजूर करत नाहीत, आणि मला त्यांचे भय समजते. चाकणच्या शाळेत ते मूल देहाने असते, नावाने नसते. गेवराईत नावाने असते, देहाने नसते. परराज्यातून आलेल्या मुलाला तर मागची साखळीच नसते. एकाच नियमाने दोन शाळांना एकमेकींसमोर उभे केले आहे, आणि मधल्यामध्ये मूल आहे.

वीसच्या आत पट असलेल्या शाळांकडे शासन ज्या नजरेने पाहते, तीही याच मोजणीतून आली आहे. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचा विचार पुढे आला, वेल्ह्यातल्या पानशेतचे उदाहरण दिले गेले. तेव्हा राज्यात अशा शाळा जवळपास पंधरा हजार होत्या. खेड तालुक्यात या दोन्ही टोकांची गाठ पडते. पश्चिमेला भीमाशंकरच्या डोंगराकडे वाड्यांचा पट ओसरतो, आणि चाकणच्या सपाटीवर तो फुगतो. याच तालुक्यात कनेरसरजवळ जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा आहे. दत्तात्रय वारे गुरुजी तिथे रुजू झाले तेव्हा पट होता तीन. वीसचा निकष कोरडेपणाने लावला असता तर त्या वेळीच कुलूप लागले असते. लोकांनी शाळा उचलून धरली, पट शंभरावर गेला, आणि २०२५ साली टी-फोर एज्युकेशनच्या जागतिक पुरस्कारांत त्या शाळेला लोकपसंतीचा मान मिळाला. प्रत्येक वाडीला वारे गुरुजी मिळतील असे मी म्हणत नाही. पण पट हा आकडा शाळेची लायकी सांगत नाही, एवढे तरी त्यातून दिसते. तो आकडा रस्त्यांचे, रोजगाराचे, पावसाचे, खाजगी शाळांच्या पिवळ्या बसचे सगळ्यांचे हिशेब एकत्र करून आलेला असतो.

वंचित आणि दुर्बल गटांतल्या मुलांसाठी खाजगी शाळांतल्या पंचवीस टक्के राखीव जागा ही कायद्यातली सगळ्यांत बोलली गेलेली तरतूद. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने नियम बदलून, शासकीय किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या विनाअनुदानित शाळांना त्यातून मोकळे केले. पिंपरी-चिंचवडसारख्या शहरात एक किलोमीटरच्या आत महापालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही, अशी खाजगी शाळा शोधायला बाहेरच्या कडेला जावे लागेल. उच्च न्यायालयाने मे महिन्यात या बदलाला स्थगिती दिली, १९ जुलै २०२४ ला तो रद्द केला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. त्या निकालाने मोठे दार उघडे राहिले, याचे मला समाधान आहे. पण त्या दाराला आधीपासून जी लहान कुलपे आहेत, त्यांच्याबद्दल कोणी न्यायालयात गेल्याचे मला ठाऊक नाही.

पहिले उत्पन्नाचे. आर्थिक दुर्बल गटासाठी वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत हवे. महिन्याला ८,३३३ रुपये. राज्य सरकारने स्वतः ठरवलेले अकुशल कामगाराचे किमान वेतन दहा हजारांच्या पुढे आहे. म्हणजे ज्याला कायद्याप्रमाणे पगार मिळतो, पगारपत्रकावर भविष्यनिर्वाह निधी कापलेला दिसतो, तो शासनाच्या लेखी गरीब नाही. गरीब ठरायला मालकाने किमान वेतनाचा कायदा मोडलेला असला पाहिजे, आणि तसा मोडलेला असेल तर त्याचा कागद मिळत नाही. एकाच सरकारच्या दोन खात्यांनी एकाच माणसाबद्दल केलेली ही दोन विधाने आहेत, आणि ती शेजारी ठेवून कोणी वाचलेली दिसत नाहीत.

दुसरे जातीच्या दाखल्याचे. वंचित गटातून अर्ज करायचा तर दाखला महाराष्ट्राचाच चालतो. जौनपूरचे दलित मूल तळवड्यात आले की त्याचे वंचितपण राज्याच्या सीमेवर संपते. महाराष्ट्रातल्या भटक्या-विमुक्तांना हा दाखला काढताना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीपासूनच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांचे आजोबा-पणजोबा पालांत राहिले, ज्यांना गावाने रात्रीपुरती जागा दिली, त्यांच्याकडे वास्तव्याचा पुरावा मागायचा, याहून कठोर मागणी कोणती असेल? याबद्दल मला बोलताना आवाज सांभाळावा लागतो.

तिसरे भाडेकराराचे. भाड्याने राहणाऱ्याचा करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला हवा, नोटरीचा चालत नाही. आता रुपीनगर, तळवडे या भागात चक्कर मारा. देहूरोडच्या दारूगोळा कोठारामुळे तिथे रेड झोन आहे. बांधकामाला परवानगी मिळत नाही, तरी लोक राहतात, कारण कारखाने जवळ आहेत आणि भाडे परवडते. गुंठा-दोन गुंठ्यांवर उभ्या राहिलेल्या खोल्यांचा मालक निबंधकाच्या कार्यालयात जाऊन सही कशाला करील? भाडे रोख, वहीत टिपलेले. नोंदणी करून मागणाऱ्या भाडेकरूला खोली सोडावी लागते. घर अनधिकृत म्हणून करार नाही, करार नाही म्हणून शेजारच्या शाळेत अर्ज नाही. शेजारशाळा हा कायद्याचा प्राण आहे, आणि जो खरोखर शेजारी राहतो त्यालाच शेजारी असल्याचे सिद्ध करता येत नाही.

हक्क मान्य करून दार लावण्याची ही रीत जुनी आहे. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने उत्तर दिले ते असे की, तत्त्वतः न्याय अर्जदाराच्या बाजूला आहे, पण त्याला घेतले तर इतर मुले निघून जातील आणि शाळा बहुसंख्यांच्या उपयोगाची राहणार नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी पुढे वेगळी भूमिका घेतली, पण त्या मुलाला शाळा मिळाली नाही. मला या प्रकरणात नाकारण्यापेक्षा नाकारण्याची पद्धत महत्त्वाची वाटते. मुलाचा हक्क मान्य आहे. फक्त व्यवस्था चालली पाहिजे, म्हणून ते मूल बाहेर. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले, त्यात त्यांनी हा व्यवस्थेचा हिशेबच तपासायला घेतला. सारा भरतो शेतकरी आणि सरकारचा पैसा जातो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे, असे दाखवून त्यांनी बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा म्हटले. १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात ते केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता, पण त्याच्या जोडीने गावोगाव शाळा काढण्याची जबाबदारी दरबाराने स्वतःवर घेतली होती. आज दंड नाही ही चांगली गोष्ट आहे. मात्र कागद जुळवण्याचे सगळे ओझे पालकावर टाकून आपण दंडच वेगळ्या रूपाने वसूल करतो आहोत.

पिंपरी ते चाकण हा पट्टा असाच उभा राहिलेला नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला तेव्हा त्याच्याबरोबर कामगारांची वसाहत आली, शाळा आली. कामगार कायम होता, त्याचे घर नकाशात होते आणि त्याचे मूलही. पुढे औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली, १९८२ साली महानगरपालिका झाली. २००१ ते २०११ या दहा वर्षांत शहर दहा लाखांवरून सव्वासतरा लाखांवर गेले. चाकणला २००९-१० च्या सुमारास फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र यांचे कारखाने सुरू झाले. या दुसऱ्या लाटेत कायम कामगार थोडे आणि ठेक्यावरचे फार. महामंडळाने भूखंड आखले, पाणी, वीज, रस्ते दिले. चाकणच्या कारखान्याला मनुष्यबळ किती लागेल, याचा अंदाज आराखड्यात असतो. त्या मनुष्यबळाला किती मुले असतील, हा अंदाज कोणत्याच आराखड्यात नसतो. शाळेची जबाबदारी जिल्हा परिषदेची, गावे ग्रामपंचायतींची, चाकण गाव २०१५ पासून नगरपरिषदेचे, भोवतालचे नियोजन पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे (पीएमआरडीए). जी शाळा शे-दोनशे खातेदारांच्या गावासाठी बांधली, तिच्याकडे आता कितीतरी राज्यांची मुले येतात.

कामगार कायद्यांनी मुलाचा विचार कुठवर केला तेही पाहा. नोव्हेंबर २०२५ पर्यंतच्या कायद्यात तीसपेक्षा जास्त स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर हवे होते, सहा वर्षांखालील मुलांसाठी. १९७० चा ठेका कामगार कायदा उपाहारगृह, विश्रांतीची जागा, पिण्याचे पाणी, प्रथमोपचार सांगत होता. सहा वर्षे पूर्ण झालेले मूल कामगार कायद्यातून बाहेर पडते आणि शिक्षण कायद्याच्या दाराशी येते. मधल्या अंगणात त्याला कोणी हाताला धरून नेत नाही. चौदा वर्षे झाली की शिक्षण हक्क कायदाही संपतो. २०२० च्या धोरणात अठरा वर्षांपर्यंतची भाषा आहे, कायदा तिथेच आहे. आठवीनंतर गावातली शाळा संपलेला मुलगा चौकातल्या कामगारांच्या घोळक्यात उभा राहिला, तर त्याला थांबवायला कोणाकडे कलम नाही.

स्वयंसेवी संस्थांनी या मधल्या अंगणात फार काम केले. डोअर स्टेप स्कूलने बांधकामांच्या जागी वर्ग चालवले, बसमध्ये शाळा नेली. वाघोलीच्या दगडखाणींत १९९७ पासून पाषाण शाळा सुरू झाल्या. उसाच्या फडांवर साखरशाळा होत्या. कायदा आल्यावर धोरण म्हणाले, अशा तात्पुरत्या शाळा नकोत, प्रत्येक मूल नेहमीच्या मान्यताप्राप्त शाळेत. तत्त्व बरोबर आहे, मी त्याच्याच बाजूचा आहे. गरिबांच्या मुलांसाठी कमअस्सल शाळा हा कायमचा तोडगा असू नये. पण नेहमीच्या शाळेने फिरत्या मुलाला आपले म्हणायच्या आतच तात्पुरत्या शाळेचा आधार निघून गेला. वयानुसार वर्गात बसवून तीन महिने ते दोन वर्षांचे विशेष प्रशिक्षण द्यावे, असे कायदा आणि त्याखालचे नियम म्हणतात. भोजपुरी बोलणारे मूल मैदानावर दोन महिन्यांत मराठी उचलते, हे मी पाहिले आहे. वाचायला मात्र त्याला कोणीतरी शेजारी बसून शिकवावे लागते. तो ‘कोणीतरी’ पटावर अवलंबून आहे, आणि इथे आपण पुन्हा मोजणीपाशी येतो.

शाळाबाह्य मुले मोजण्याचे प्रयत्न झाले. ४ जुलै २०१५ ला एका दिवसात राज्यभर सर्वेक्षण झाले, मोजलेल्या मुलाच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली. निघालेला आकडा इतका लहान होता की क्षेत्रात काम करणाऱ्यांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. २०२२ च्या जुलैत ‘मिशन झीरो ड्रॉपआउट’ झाले. सलग तीस दिवस गैरहजर असलेले मूलही शाळाबाह्य, ही व्याख्या चांगली आहे. पण एका दिवसाच्या किंवा पंधरवड्याच्या मोहिमेत फिरते मूल सापडणे नशिबावर असते. आणि मोहिमेच्या नावातच शून्य ठरलेले असेल, तर खाली काम करणाऱ्याला शून्याच्या जवळचा आकडा वर पाठवण्याचा मोह होणारच. जे मूल सापडले ते यश मानायचे की अपयश, हे आधी ठरले पाहिजे. मी म्हणेन, आसपासच्या शाळांवर देखरेख करणारा जो केंद्रप्रमुख जास्त मुले शोधून दाखवील, त्याचे कौतुक व्हावे आणि त्याच्या केंद्राला त्याच महिन्यात शिक्षक मिळावा.

लोक विचारतात, जो आज इथे आणि उद्या तिथे, त्याच्यासाठी सरकारने काय काय करायचे? तिजोरीला मर्यादा आहेत, खाजगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागांच्या फीची प्रतिपूर्तीच सरकारला वेळेवर देता येत नाही, हे खरे आहे. पण मी ज्या गोष्टी मागतो आहे, त्यातल्या बहुतेक कायद्यात लिहिलेल्या आहेत. कलम ९ स्थानिक प्राधिकरणाला सांगते : आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकाची नोंद ठेवा, त्याचा प्रवेश आणि हजेरी पाहा, स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळेल याची खात्री करा. ‘राहणाऱ्या’ असा शब्द आहे. नोंदणीकृत कराराने राहणाऱ्या, वैध आधार असलेल्या, या राज्याच्या दाखल्यासह राहणाऱ्या असे त्यात नाही. ही नोंद पालिकेने आणि जिल्हा परिषदेने ठेवायची आहे. पालकाने ती सिद्ध करायची नाही. पाण्याचे मीटर वाचायला माणूस दर चाळीत जातो, भाडे गोळा करायला जातो, डेंगीच्या अळ्या शोधायला आरोग्यसेविका दर खोलीत डोकावते. शाळेची नोंद ठेवायला कोणी त्या ओळीने चालत जाणे अशक्य नाही.

पट वर्षातून एकदा धरण्याऐवजी तीन महिन्यांनी धरावा, आणि तो डोक्यांचा असावा. आधार ज्याचे त्याने सवडीने काढावे, शाळेतच काढून द्यावे, पण शिक्षकाचे पद त्याला बांधू नये. स्थलांतराची विनंती ठरावीक दिवसांत मंजूर झाली नाही तर आपोआप झाली असे धरावे, आणि जाणाऱ्या शाळेचा शिक्षक त्या वर्षी हलवू नये. ठेकेदाराला परवाना देताना कामगारांच्या संख्येबरोबर त्यांच्याबरोबर राहणाऱ्या मुलांची संख्या विचारावी आणि ती यादी गटशिक्षणाधिकाऱ्याकडे जावी. गाव सोडून जाणाऱ्या मुलाला दुसऱ्या शाळेत बसवून घ्यावे म्हणून दिले जाणारे शिक्षण हमी पत्रक ऊसतोडीसाठी निघाले. चाकणला त्याची गरज बारा महिने आहे. २०२१ च्या जूनमध्ये, फी थकली म्हणून शाळा दाखले अडवू लागल्या, तेव्हा शासनाने दाखल्याशिवाय प्रवेश द्या असा आदेश काढला. कागद सैल करता येतो, हे शासनाला माहीत आहे. तेव्हा अडलेल्यांत मध्यमवर्गीय पालक होते.

२०१९ साली कलम १६ बदलले, आणि २०२३-२४ पासून राज्यात पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आली. फेरपरीक्षेतही अनुत्तीर्ण झाला तर मुलाला त्याच वर्गात बसवता येते. या बदलाची बाजू मांडणारे शिक्षक मला भेटतात, आणि वाचता न येणारे मूल पुढे ढकलणे अन्याय आहे, हे त्यांचे दुःख खरे आहे. पण ज्या कुटुंबाची खोली फेब्रुवारीत बदलते, त्याच्या मुलाने परीक्षा कोणत्या शाळेत द्यायची?

हा प्रश्न मी कुदळवाडीमुळे विचारतो आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीत महापालिकेने भंगाराची गोदामे, शेड आणि इतर हजारो अनधिकृत बांधकामे काही दिवसांत पाडली. तिथे आगी लागत होत्या, हवा विषारी होत होती, कारवाईला कारणे होती. जाहीर झालेल्या आकड्यांत बांधकामे होती, एकर होते. त्या शेडच्या मागच्या खोल्यांत राहणाऱ्या मुलांची नोंद कलम ९ प्रमाणे ठेवायची होती ती याच महापालिकेने. पोकलेनबरोबर पोलीस आले, अतिक्रमण विभागाचे लोक आले. त्यांच्याबरोबर जवळच्या शाळांचे हजेरीपट घेऊन एक केंद्रप्रमुख यायला हवा होता. सामान टेम्पोत चढत असताना प्रत्येक कुटुंबाला त्याने विचारायला हवे होते, कुठे निघालात, आणि मोशी किंवा कुरुळी असे उत्तर आले की तिथल्या शाळेला तिथल्या तिथे फोन करून सांगायला हवे होते : उद्या तुमच्याकडे चौथीतली एक मुलगी येते आहे, तिला बसवून घ्या, कागद मी मागून पाठवतो.